लाल विंचवाचं विष आणि दोन औषधं

थोराड काळी इंगळी पाहून माणसं किंचाळतात, पण जिवावर बेततं ते कोकणातल्या छोट्या लाल विंचवामुळे. इंगळीचं बहुधा ठणक्यावर भागतं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं आणि अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रुग्ण घामाने चिंब, हातपाय मात्र गार. बिघडलं तर फुप्फुसात पाणी, तोंडाला गुलाबी फेस.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात यावर रक्तदाबाचं प्राझोसिन वापरलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. ही गोळी विष मारत नाही, त्याने माजवलेला गोंधळ आवरते. गोळीनेच भागत असेल, तर मग विष मारणारं प्रतिविष कशाला? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 70 रुग्ण होते. दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी सुमारे 91 टक्के दहा तासांत सावरले, नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के. अर्थात प्रतिविष लवकर हवं आणि त्याच जातीचं हवं. मेक्सिकोतल्या विंचवांसाठी बनवलेल्या प्रतिविषावर इथे भरवसा ठेवता येत नाही.