काय करून काय होणार?

गटाच्या बैठकीत एखादी ताई भिंतीला टेकून गप्प बसते. विचारलं तर म्हणते, "काय करून काय होणार?" पूर्वी आम्ही अशा बाईला आळशी म्हणायचो. ती आमची चूक होती.

अमेरिकेत 1967 साली सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. तसा निर्दयच म्हणायचा. विजेचे झटके सगळ्यांना सारखेच. पण काही कुत्र्यांना ते स्वतः थांबवता यायचे, काहींना नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधली बुटकी फळी ओलांडली की सुटका. पहिली कुत्री उडी मारून गेली. दुसऱ्यांपैकी बरीचशी जागेवरच पडून राहिली. पुन्हा पुन्हा ओढून पलीकडं नेल्यावर मग ती शिकली. 2016 साली याच दोघांनी लिहिलं, की लांबलेल्या त्रासात गळून जाणं शिकावं लागत नाही. आपल्या करण्यानं फरक पडतो, हे शिकावं लागतं. नुसतं "मन घट्ट कर" सांगून भागत नाही ते यामुळंच.

आपल्या सुप्यातलंच बघा. 12 मे 1875 रोजी आसपासचे शेतकरी इथं जमले आणि सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले. धान्यही लुटलं, पण खरा राग कागदावर. वाचता येत नाही त्यावर अंगठा, आणि देणं सावकार सांगेल तेवढं!

आमच्या त्या ताईचंही तसंच. तीन ठिकाणचे हप्ते, कार्डं तांदळाच्या डब्यात, एकूण किती ते तिला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळी कार्डं मांडून बेरीज केली. कर्ज एक रुपयानंही कमी झालं नाही. पण तिनंच विचारलं, "ह्यातला आधी कुठला फेडू?" पुढच्या बैठकीपासून गटाची नोंदवही तिच्याकडं दिली.

मात्र "सगळं तुझ्याच हातात आहे" असंही कुणाला म्हणू नका. पाऊस तिच्या हातात नाही, नवऱ्याची दारूही नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, असं असेल तर तो आजार आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. टेली मानसचा 14416 हा फोन रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्या ताईला गोळ्याही लागल्या. आम्ही दोघी सोबत गेलो होतो. केसपेपर तिनं स्वतः काढला.