टप्पा एकाचा, पिवळी जर्सी दुसऱ्याची

जुलैमध्ये हॉस्टेलच्या टीव्हीवर टूर दि फ्रान्स लागली की एक प्रश्न हमखास येतो. "अरे, आज जिंकला हा, मग पिवळी जर्सी त्या दुसऱ्याच्या अंगात कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टप्प्यांच्या हिशेबात आहे.

ही शर्यत साधारण 23 दिवस चालते. त्यात 21 टप्पे आणि विश्रांतीचे दोन दिवस. प्रत्येक संघात आठ सायकलपटू. रोज प्रत्येकाला लागलेला वेळ मोजतात आणि आधीच्या वेळेत मिळवतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला पिवळी जर्सी. आपल्या परीक्षेसारखंच बघा. एका पेपरात पहिला आलेला मुलगा एकूण गुणांत पहिला येतोच असं नाही. मार्क कॅव्हेंडिशने 2024 मध्ये आपला विक्रमी 35 वा टप्पा जिंकला, पण अख्खी टूर त्याने कधीच जिंकली नाही. उलट ग्रेग लेमाँड 1990 मध्ये एकही टप्पा न जिंकता विजेता ठरला!

आता टप्प्यांचे प्रकार पाहू.

सपाट टप्पा : इथे खरा शत्रू वारा. दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवली की कष्ट बरेच वाचतात, म्हणून सगळे मोठ्या घोळक्यात राहतात. सुरुवातीला चार-पाच जण पुढे पळतात, पण घोळका त्यांना बहुतेक वेळा शेवटी गाठतोच. मग वेगवान गडी रेषेकडे झेपावतात. गंमत अशी, की घोळक्यात एकत्र पोहोचलेल्या सगळ्यांना एकच वेळ दिली जाते. पहिल्या तिघांना बक्षिसाचे काही सेकंद मिळतात, तेवढंच. त्यामुळे टप्पा जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो, पण एकूण यादी फारशी हलत नाही.

घाटाचा टप्पा : चढावर वेग कमी होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचा फायदाही घटतो. ज्याच्या पायात दम, तो पुढे. इथे सेकंद नाही, मिनिटं जातात. चढांना चौथ्यापासून पहिल्यापर्यंत वर्ग असतात, आणि सर्वांत अवघड चढ 'वर्गाबाहेरचे'. पिरेनीजमधला 2,115 मीटर उंचीचा तूर्माले किंवा आल्प्समधला 21 वळणांचा आल्प द्युएझ हे त्यातलेच. पिवळ्या जर्सीचा निकाल बहुधा अशाच ठिकाणी लागतो.

टाइम ट्रायल : इथे घोळका नाही, आडोसा नाही. एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो आणि एकटाच घड्याळाशी झुंजतो. 1989 ची गोष्ट तर ऐकाच. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्योँ 50 सेकंदांनी पुढे होता. त्या दिवशी लेमाँडने त्याच्यापेक्षा 58 सेकंद कमी घेतले. तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर फरक उरला फक्त आठ सेकंदांचा. दोन आठवड्यांपूर्वी कुठल्याशा वळणावर गमावलेला क्षणसुद्धा शेवटी हिशेबात धरला जातो, तो असा.

आता जरा मागच्यांकडेही बघा. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त वेळ लागला, की साधारणपणे दुसऱ्या दिवशी घरी. सपाटीवर वाऱ्यासारखे धावणारे धिप्पाड गडी घाटात मागे पडतात. मग एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हेच लोक आपला वेगळा घोळका करतात, वेळेचं गणित मांडत एकमेकांना सोबत करतात आणि मर्यादेच्या आत पोहोचायची धडपड करतात. टीव्हीचा कॅमेरा तोवर विजेत्याभोवती गेलेला असतो.

एकूण यादीत शेवटी असणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'लाल दिवा' म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. नाव चेष्टेचं वाटेल. पण हा माणूस कित्येकदा आपल्या नायकाला पाण्याच्या बाटल्या पुरवत, त्याच्यापुढे वारा झेलत इथवर आलेला असतो. आणि यादीत त्याच्या खाली कोणी नसतं, कारण जे थांबले त्यांची नावं यादीतच नसतात.

तेव्हा पुढच्या जुलैत टप्पा कोण जिंकला ते जरूर बघा. पण टीव्ही लगेच बंद करू नका. शेवटचा येईपर्यंत थांबा.