परसातलं घर, आधीच तपासलेलं

अमेरिकेतल्या सिएटल शहरानं २०१९मध्ये नियम सैल केले. एका प्लॉटवर मूळ घराखेरीज दोन छोटी घरं चालतील, प्रत्येकी हजार चौरस फुटांपर्यंत. पार्किंगची सक्ती नाही. तरी नकाशे आणि परवानगी यांत महिने जात. म्हणून महापालिकेनं परसातल्या घरांचे आराखडे मागवले. १६५ आले, १० निवडले; २०२०पासून ते कुणालाही वापरता येऊ लागले. खरी किमया तपासणीत आहे. इमारतीचा सांगाडा, ऊर्जाबचतीचे निकष एकदाच तपासायचे. मग दरवेळी फक्त त्या जागेचा उतार, झाडं, सांडपाण्याची जोडणी पाहायची. ही कल्पना मला मनापासून पटते. बांधकामाचा खर्च मात्र तिनं फारसा उतरत नाही, आणि परस असलेल्यालाच तिचा थेट लाभ होतो.