तीन महिन्यांची सुई आणि तिची तारीख



भाताची झोडणी उरकते, दिवाळी होते, आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून बिऱ्हाडे बाहेर पडू लागतात. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाळा तोंडावर आला की परततात. निघताना भांडीकुंडी, तांदूळ, कोंबड्या, सारे आठवणीने बांधून घेतले जाते. घरी राहते ते एक छोटेसे कार्ड. ते असते 'अंतरा' सुईचे. मग माघात घ्यायची सुई राहून जाते, आणि अंगावरचे पोर सुटायच्या आत दुसऱ्याची चाहूल लागते. घरी राहून शेती करणाऱ्यांचीही गत फार वेगळी नाही. लावणीच्या धांदलीत दवाखान्याची तारीख कुणाच्या ध्यानात राहते? म्हणूनच या सुईबद्दल आज सविस्तर बोलू.

सुई काय करते?

दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी सरकारने २०१७ साली 'अंतरा' हे इंजेक्शन आपल्या कार्यक्रमात आणले. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. त्यातले औषध १५० मिलिग्रॅम असते आणि ते दंडात, मांडीत किंवा कुल्ल्यात टोचतात. त्याचा अंमल तीन महिने राहतो.

आपल्याकडचाच दाखला घ्या. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातले पाणी राजनाल्यात सुटले, तर उन्हाळी भात होते. वर पाणी सोडलेच नाही, तर वाफा कितीही चांगला असो, त्यात लावणी होत नाही. बाईच्या शरीरातही मेंदूखालची एक ग्रंथी दर महिन्याला संदेश सोडते आणि त्यामुळे बीज तयार होते. ही सुई तो संदेश दाबून ठेवते. बीज सुटत नाही, म्हणून दिवस जात नाहीत. वाफ्याला मात्र इजा होत नाही.

नाल्याला पाणी सुटले तरी शेवटच्या शेतापर्यंत पोचायला वेळ लागतो. तसेच इथे आहे. सुई बंद केल्यावर लगेच दिवस राहतील असे नाही. शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. "सुईने वांझपण येते" ही भीती खरी नाही. पण वर्षभरात मूल हवे असेल, तर दुसरे साधन निवडावे.

आधी तपासणी, मग सुई

टोचलेले औषध परत काढता येत नाही. त्रास झाला तरी अंमल उतरेपर्यंत काढावा लागतो. म्हणून पहिली सुई डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाब फार वाढलेला असेल, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, अर्धांगवायू, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी किंवा यकृताचा मोठा आजार असेल वा होऊन गेला असेल, कारण न कळता अंगावरून जात असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ते आधी सांगा. जुना मधुमेह असेल, तोही लपवू नका.

पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत सुई घेणे सोयीचे. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबावे. सुई टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. चोळल्याने औषध लवकर पसरते आणि अंमल कमी दिवस टिकतो. आणखी एक गोष्ट. सणावारी पाळी पुढे ढकलण्यासाठी ही सुई नव्हे.

पाळी बदलते, घाबरू नका

पहिल्या काही महिन्यांत पाळी वेळीअवेळी येते, थेंबथेंब जाते. पुढे अनेकींची पाळी थांबते. "रक्त आत साठते" असे शेजारीण सांगेल. ते खरे नाही. गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, म्हणून बाहेर यायला रक्तच नसते. कुणाचे वजन वाढते, कुणाचे डोके दुखते, कुणाला उदास वाटते.

मात्र आठ दिवसांहून जास्त किंवा नेहमीच्या दुपटीने अंगावरून जाऊ लागले, तर दवाखाना गाठा. तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, छातीत कळ, एका पोटरीला सूज आणि दुखणे, डोळे पिवळे होणे, टोचल्या जागी पू धरणे, यांपैकी काहीही झाले तरी थांबू नका.

ही सुई चालू असताना हाडांतला चुना थोडा कमी होतो. बंद केल्यावर तो बराचसा भरून येतो. नाचणीची भाकर, तीळ, सुकट ताटात असू द्या आणि दोन वर्षांनी डॉक्टरांशी पुन्हा बोला. २०२४ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात असेही आढळले, की वर्षाहून अधिक काळ हे औषध घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची गाठ अधिक दिसते. ही गाठ मुळात विरळ आहे. पण पूर्वी अशी गाठ झालेल्या बाईने सुई घेऊ नये.

विचारण्याचा हक्क

१९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरू येथे अशाच एका दुसऱ्या सुईचा प्रयोग करायला घेतला गेला. जमलेल्या बायांना हा प्रयोग आहे हे नीट सांगितलेले नव्हते. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. त्यातून घेण्याचा धडा साधा आहे. काय टोचता, त्याने काय होईल, दुसरे साधन कोणते, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तांबी आहे, 'छाया' आणि 'माला-एन' गोळ्या आहेत, निरोध आहे. सुईसाठी नवऱ्याची सही लागत नाही. पण दोघांनी मिळून ठरवले, तर तारीख दोघांच्याही ध्यानात राहते.

तारखेचा हिशेब

समजा, १० नोव्हेंबरला सुई घेतली. पुढची १० फेब्रुवारीला, त्यापुढची १० मे रोजी. अडचण असेल तर ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येते. उशीर झालाच, तर चार आठवड्यांपर्यंत चालते. त्याहून उशीर झाला, तर आधी दिवस गेले नाहीत ना याची तपासणी, मगच सुई, आणि पुढचे सात दिवस निरोध. वेळेवर घेतली तर वर्षात शंभरांत एखादीलाही क्वचितच दिवस जातात. तारखा चुकतात तेव्हा हाच आकडा चारांच्या घरात जातो.

गाव सोडण्यापूर्वी आशाताईंना भेटा आणि पुढची तारीख कार्डावर ठळक लिहून घ्या. भट्टीच्या गावाजवळचा सरकारी दवाखाना कोणता, तिथे सुई मिळते का, हेही विचारून ठेवा. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे ते मागे राहणार नाही. इथे राहणाऱ्यांनी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नेरळ, कळंब, कडावसारख्या जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. बियाणे कधी भिजवले, युरिया कधी टाकला, हे तुम्ही दिनदर्शिकेवर लिहिता. त्याच पानावर ही तारीखही लिहा आणि त्या दिवशी तिला कामातून मोकळे करा.