पहाटेपर्यंत रहस्य टिकवणारे लेखक

मराठी रहस्यकथेचा इतिहास बाबूराव अर्नाळकरांपासून सुरू होतो, गुरुनाथ नाईकांवरून सुहास शिरवळकरांपर्यंत येतो आणि बहुधा तिथेच थांबतो. तो मुंबई-पुण्याच्या छापखान्यांचा आणि पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयांचा इतिहास आहे. खून, सूड, कारस्थान आणि वेषांतर यांवर हयात घालवणारे लेखक चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही होते, आजही आहेत. मात्र त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत. त्यांनी झाडीपट्टी म्हटल्या जाणाऱ्या या भागासाठी नाटके लिहिली आणि त्यांचा बाजार भरला वडशात, म्हणजे देसाईगंजात.

या परंपरेची मुळे दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत आहेत. नंतर संगीत नाटकांचे वारे इथवर आले. गावातली पोरे पावसाळाभर तालमी करून गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ उभे करत. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. धान घरात आले, हातात चार पैसे खुळखुळले की मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट भरायचा. दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक. पुढे बाहेरून नट्या येऊ लागल्या, मग पूर्ण कंपन्याच उभ्या राहिल्या. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतरच्या चार दशकांत गावच्या हौशी मंडळींची जागा वडशाच्या व्यावसायिक कंपन्यांनी घेतली आणि ‘आमच्या कंपनीसाठी नवीन नाटक लिहा’ असे ज्याला सांगितले जाते, असा लेखक तयार झाला.

त्याचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखेच चालते. पावसाळ्यात लेखन, दसऱ्याच्या आसपास तालमी, दिवाळीपासून होळीपर्यंत प्रयोग. तालमी मोजक्याच होतात, म्हणून विंगेतल्या प्रॉम्प्टरला फार महत्त्व असते आणि लेखकाला वाक्ये अशी लिहावी लागतात की नुसत्या कानाने उचलून नटाला ती फेकता यावीत. नायक प्रमाण मराठी बोलतो, खलनायक मधूनच हिंदीवर येतो आणि विनोदी पात्र झाडीबोलीत सगळ्यांची फिरकी घेते. ही वाटणी प्रेक्षकांना इतकी ठाऊक असते की लेखकाने ती मोडली तर त्याला तसेच सबळ कारण द्यावे लागते.

सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटे संपते. प्रेक्षक आसपासच्या गावांतून आलेले असतात. पूर्वी ते बंडीने येत. मध्यरात्री जंगलातून परत जाणे कुणालाच परवडत नाही, म्हणून नाटकाने उजाडेपर्यंत पुरायला हवे. अर्नाळकरांचा वाचक पुस्तक मिटून झोपू शकत होता. इथला प्रेक्षक मात्र थंडीत, मंडपातल्या उतरत्या खड्ड्यात बसलेला असतो आणि त्याला जागे ठेवायची जबाबदारी लेखकाची. त्यामुळे खुनी कोण हे तीन वाजेपर्यंत कळता कामा नये, पण एक वाजता काहीतरी कळल्यासारखे वाटले पाहिजे. मध्ये लावणी येते, विनोदाचा प्रवेश येतो. त्यानंतर कथानक जिथे सुटले तिथूनच पुन्हा पकडावे लागते. ही कारागिरी कुठल्या कार्यशाळेत शिकवली जात नाही.

प्रसिद्धीची रीतही वेगळी. गावची मंडळे वडशाला येऊन कंपन्यांच्या कार्यालयांत नाटके ठरवतात. तिथे त्यांना आधी दिसते ते नाव, मग नटनट्यांची यादी. कुंकू, मंगळसूत्र, रक्त, सूड असे शब्द नाटकांच्या नावांत वारंवार येतात ते यामुळेच. नागर रसिकाला ते भडक वाटतात. पण जाहिरातीची भोंगा लावलेली गाडी गावातून पुढे निघून जाईपर्यंत जेवढे कानावर पडते, तेवढ्यात नाटक विकले जायला हवे. अलीकडे मोबाइलवरून जाहिरात होते, तरी नावाची चाल बदललेली नाही.

आणि परीक्षण? ते त्याच रात्री होते. मंडईच्या दिवसांत एकाच गावात दोन-तीन कंपन्यांची नाटके लागतात. प्रवेश पडला की लोक उठून दुसऱ्या मंडपाकडे चालू लागतात आणि लेखकाला आपली चूक नेमक्या कुठल्या प्रवेशात आहे हे डोळ्यांनी दिसते. प्रवेश जमला तर ‘वन्स मोअर’. खरा निकाल लागतो तो पाहुण्यांकडून. नाटकासाठी लेकी-जावई, सोयरे गावात येतात, सोयरिकीही जुळतात. तेच पुढच्या गावी बातमी नेतात आणि कंपनीच्या तारखा भरतात किंवा रिकाम्या राहतात.

शिरवळकरांना अफाट वाचक मिळाले, समीक्षकांनी मात्र बराच काळ त्यांची दखल घेतली नाही. 1982च्या ‘दुनियादारी’वर 2013 साली चित्रपट आला आणि नवी पिढी त्यांच्याकडे वळली. हे होऊ शकले, कारण पुस्तक शिल्लक होते. झाडीपट्टीच्या लेखकापाशी ही सोय नाही. इथल्या कलेची दखल घेतली गेलीच नाही असे नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथली बोली आणि लोककला अभ्यासाच्या कक्षेत आणली. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येसारखा विषय या रंगमंचावर आणला. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण सन्मान झाला तो नटाचा. संहिता बहुतेक वेळा वहीत राहते, हंगाम संपला की वही कुठे जाते याची नोंद कुणी ठेवत नाही.

अलीकडच्या वर्षांत धक्केही बसले. 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने शंकरपट थांबले आणि नाटकाचे एक हक्काचे निमित्त गेले. 2021च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या करोनाकाळाने हंगामाची घडीच विस्कटली. तरी कंपन्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण प्रेक्षक तिकीट काढून परत आला.

प्रेक्षकाच्या या तडकाफडकी निकालाने झाडीपट्टीचा लेखक घडवला, तसा तो विस्मृतीतही ढकलला. टाळी आजचा प्रवेश सुधारते. पण चाळीस वर्षांत रहस्य बांधण्याची पद्धत कशी बदलली, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी संहिता छापायला हव्यात, लोक कुठे हसले आणि कुठे उठून गेले याच्या टिपांसह. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे; वडसा तिथून काही फार लांब नाही.