कुत्र्याचे पोट सारखे बिघडते तेव्हा

मुळशीच्या वाड्यांवर आम्हाला नेहमी विचारतात, "ताई, कुत्रं भरपूर खातं, तरी बरगड्या दिसतात, शी पातळच. असं का?"

तीन आठवड्यांहून जास्त चाललेला जुलाब 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणून सोडू नये. जंत, आतड्याची सूज, एखादे अन्न न सोसणे, अशी कारणे असतात. स्वादुपिंडातून पाचकरस कमी आला तर भूक वाढते, वजन मात्र घटते. मग जेवणात पाचकरसाची पावडर बहुधा जन्मभर द्यावी लागते.

म्हणून आधी ताजी शी स्वच्छ डबीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्या. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही विचारता येते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, जिवावर बेतते. डॉक्टरांनी सांगितलेले एकच खाणे थोडे थोडे, तीन-चार वेळा द्या. कांदा-लसूण, मसाल्याचा रस्सा बंद. रोजचे खाणे आणि शी वहीत लिहा.

आपल्याकडे पावसात अंगण ओले असते. कुत्र्याच्या शीतून आलेल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीत जगतात, अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. खाज सुटून नागमोडी रेघ उठते. शी रोज उचला, मुलांच्या पायात चपला घाला. आजारी कुत्रे हाकलून दिले तर जंत वस्तीभर पसरतात. उपचार केले तर कुत्रे आणि मुले दोघेही सुखरूप राहतात.