पडद्यावरचा चेहरा आणि फाशीचा दोर

जुलै १९८४. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळच्या झाडीत नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. परिसर हादरला. साक्षीदारांच्या वर्णनावरून पोलिसांनी संशयिताचे रेखाचित्र तयार केले. ते प्रसिद्ध होताच कोणीतरी निनावी फोन करून कर्क ब्लड्सवर्थ या २३ वर्षांच्या तरुणाचे नाव सांगितले.

त्याच्याविरुद्ध ठोस भौतिक पुरावा नव्हता. पाच जणांनी मात्र त्याला मुलीसोबत किंवा त्या भागात पाहिल्याची साक्ष दिली. त्यातील दोघांना ओळख परेडमध्ये तो ओळखता आला नव्हता, पण टीव्हीवर त्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता. पडद्यावर पाहिलेला चेहरा कोणता आणि घटनास्थळी पाहिलेला कोणता, हा फरक मनात पुसला जायला वेळ लागत नाही. १९८५ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. फेरखटल्यात पुन्हा दोषी ठरल्यावर शिक्षा जन्मठेपेवर आली.

तुरुंगात त्याने डीएनए तपासणीवरचे एक पुस्तक वाचले आणि आपलीही तपासणी व्हावी म्हणून आग्रह धरला. सुदैवाने मुलीचे कपडे जपून ठेवलेले होते. त्यांवरचा डीएनए त्याचा नव्हता. २८ जून १९९३ रोजी तो सुटला. मृत्युदंड झालेला आणि डीएनएमुळे निर्दोष ठरलेला तो अमेरिकेतील पहिला माणूस. तो घरी परतण्याआधी काही महिने त्याची आई वारली होती.

पुढे २००३ मध्ये तोच डीएनए दुसऱ्या एका कैद्याशी जुळला. तो काही काळ ब्लड्सवर्थच्याच तुरुंगात होता. म्हणजे त्या मुलीच्या आईवडिलांनाही जवळजवळ वीस वर्षे खरा इन्साफ मिळाला नव्हता. निरपराधाला शिक्षा झाली की पीडितावरही अन्यायच होतो, हे आपण विसरतो.

मग डीएनए अहवाल आला की संशय संपला का? नाही. २०१२ च्या दिल्लीतील छावला प्रकरणात तीन तरुणांना फाशी सुनावली गेली होती. डीएनए अहवाल त्यांच्या विरोधात होता. पण नमुने कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. त्यांत फेरफार झाला नसेलच असे म्हणता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघांना सोडले. २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका फाशीच्या खटल्यात आरोपीला मुक्त करताना न्यायालयाने नियमच घालून दिले: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद राहावी. यंत्र खोटे बोलत नसेल, पण नमुना माणसेच हाताळतात.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहाही गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. घटनेनंतर लगेच साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते. सोळा वर्षे मात्र या सहा जणांनी तुरुंगात काढली.

आरोपी गरीब असेल, अल्पसंख्य असेल, चांगला वकील देण्याची ऐपत नसेल, तर ही वाट आणखी निसरडी होते. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. सुटकेची आतल्या कोपऱ्यात. तोवर घरातल्या मुलीचे लग्न मोडलेले असते, मुलांची शाळा सुटलेली असते.

ऐकलेल्या बातमीची आधी तहकीक करावी, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. ती फक्त आपल्या माणसावर आरोप आला तेव्हाच आठवून चालणार नाही. आरोपी कोणत्याही धर्माचा असो, ‘याला फाशी द्या’ असा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी बोट थांबवावे. चुकून तुरुंगात टाकलेल्याला उशिरा का होईना बाहेर काढता येते. फाशी दिलेल्याला परत आणता येत नाही.